बातमीमागचा माणूस आणि त्याची संघटना

सकाळच्या एस्टीने वर्तमानपत्रांचा गठ्ठा येतो आणि चहाच्या दुकानात एक जण मोठ्याने वाचू लागतो. "पेपरात आलंय," एवढे म्हटले की पुष्कळदा वादच मिटतो. पण ती बातमी लिहिणाऱ्याची नोकरी कितपत पक्की आहे, हा प्रश्न आपल्या मनात कधी येतो का? खरे म्हणजे यायला हवा. ज्याला उद्याच्या भाकरीची धास्ती, तो आजची खरी बातमी कशाच्या जोरावर लिहिणार?

स्वातंत्र्य मिळाले तेव्हाची स्थिती बघा. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला संरक्षण दिले. पण ज्याचा मजकूर तो जुळवी, तो उपसंपादक किंवा बातमीदार मात्र 'कामगार' या व्याख्येत बसेना. मालकाची मर्जी फिरली तर त्याने दाद मागायची कुठे?

म्हणून १९५० साली दिल्लीत भारतीय श्रमिक पत्रकार महासंघ स्थापन झाला. 'नॅशनल हेरल्ड'चे संपादक एम. चलपती राव त्याचे पहिले अध्यक्ष. लेखणी धरणाराही पगारावर जगणारा माणूस आहे, हे त्या 'श्रमिक' शब्दानेच सांगितले. वृत्तपत्रधंद्याची चौकशी व्हावी, ही मागणी महासंघाने लावून धरली. १९५२ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, १९५४ साली त्याचा अहवाल आला आणि १९५५ साली श्रमिक पत्रकारांचा स्वतंत्र कायदा झाला.

त्या कायद्यात होते तरी काय? चार आठवड्यांत १४४ तासांहून जास्त काम नको. नोकरीवरून काढायचे तर संपादकाला सहा महिन्यांची आणि इतरांना तीन महिन्यांची नोटीस हवी. पगार ठरवायला वेतन मंडळ. मालकमंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली. १९५८ साली न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला, पण वेतन मंडळाचा निर्णय रद्द केला. कारण वृत्तपत्रांची ऐपत मंडळाने विचारात घेतली नव्हती.

१९६२ च्या दुरुस्तीने एक मोलाची तरतूद आली. तीन वर्षे सलग नोकरी झालेल्या पत्रकाराने 'माझ्या सदसद्विवेकबुद्धीला हे पटत नाही' म्हणून राजीनामा दिला, तरी त्याला उपदान मिळावे! म्हणजे 'नाही' म्हणण्याच्या हक्काला कायद्याने थोडा पैशाचा आधार दिला. पुढे २०२० च्या कामगार संहितेत तो कायदा विलीन करण्यात आला आणि पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल माध्यमांतली मंडळीही आली.

हे झाले हक्कांचे. पण चुकलेल्या सहकाऱ्याचा कान कोणी धरायचा? त्यासाठी १९६६ साली प्रेस कौन्सिल आले. आणीबाणीत ते मोडले गेले, १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभे राहिले. या कायद्याप्रमाणे २८ सभासदांपैकी १३ जण संपादक व श्रमिक पत्रकार असावेत आणि त्यांची नावे पत्रकारांच्या संघटनांनी सुचवलेल्या यादीतून घ्यावीत. कौन्सिल दंड करू शकत नाही. ते ताकीद देते, ठपका ठेवते. तुमच्या गावाविषयी खोटे छापले गेले, तर आधी संपादकाला लिहावे; दाद लागली नाही तर तुम्हांलाही कौन्सिलकडे तक्रार करता येते.

आता उणीवही सांगतो. ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारितेचा, तोच श्रमिक पत्रकार, अशी कायद्याची व्याख्या. शेती किंवा दुकान सांभाळून बातम्या धाडणारा तुमचा वार्ताहर त्यात सहसा बसत नाही. रस्त्याच्या कामातली लबाडी उघड करायची ती त्यानेच, आणि रोज त्याच रस्त्याने घरी जायचे तेही त्यानेच.

तेव्हा शिक्षकहो, वर्गात वर्तमानपत्र वाचून दाखवाल तेव्हा मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : ही बातमी कोणी लिहिली असेल, आणि ती लिहिताना त्याच्या पाठीशी कोण उभे होते?