रोमच्या टेकड्यांवर आलेली माणसे

‘रोम एका दिवसात बांधले गेले नाही’ हे आपण शाळेत ऐकतो. पण ते वसले कसे, याची रोमन लोक जी दंतकथा सांगत, ती घरातल्या मुलाबाळांना सांगण्यासारखी आहे.

इटलीत टायबर नदीकाठी सात टेकड्या. जवळच्या अल्बा लोंगाच्या राजाने भावाचे राज्य बळकावले आणि त्याच्या मुलीची जुळी बाळे नदीत सोडायला लावली. ती पॅलाटाइन टेकडीच्या पायथ्याशी लागली. लांडगिणीने त्यांना दूध पाजले, मेंढपाळाने वाढवले. हेच रोम्युलस आणि रीमस. पुढे शहर कोणत्या टेकडीवर वसवायचे यावरून भावांत जुंपली. शकुन पाहिला. रीमसला सहा गिधाडे दिसली, रोम्युलसला बारा. चिडलेल्या रीमसने नवी भिंत उडी मारून ओलांडली आणि भावाने त्याला ठार केले. परंपरा सांगते, साल इ.स.पू. ७५३. शकुनबिकून सोडून द्या. पण पॅलाटाइनवर उत्खननात लोहयुगातील झोपड्यांच्या खांबांचे खड्डे खरेच सापडले आहेत. राजवाडे नंतरचे, आधी झोपड्याच!

मला मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. गोष्टीच्या पुस्तकांत तो बहुधा गाळतात. शहर झाले, पण माणसे कुठून आणायची? रोम्युलसने कॅपिटोलाइन टेकडीवर आश्रयस्थान उघडले. गुलाम असो की स्वतंत्र, कोणीही यावे. आसपासच्या गावांतून पळालेले गुलाम, कर्जबाजारी, गुन्हेगार आले. तेच रोमचे नागरिक झाले. राजा मार्स देवाचा पुत्र, असे रोमन सांगत हे खरे. पण आपली प्रजा कुठून आली हे त्यांनी लपवले नाही. त्यांच्याच लिव्ही या इतिहासकाराने ते लिहून ठेवले. (पुढे याच रोमने लाखो माणसे गुलाम केली, हेही विसरू नये.)

तरी वरचे आणि खालचे झालेच. वरचे पॅट्रिशियन, सामान्य ते प्लेबियन. इ.स.पू. ४९४ मध्ये, कर्जापायी बेड्या सोसणारे प्लेबियन लढाईला नकार देऊन शहराबाहेर निघाले आणि ‘पवित्र टेकडी’वर जाऊन बसले. शहर अडले. तेव्हा कुठे त्यांना ट्रिब्यून, म्हणजे स्वतःचे हक्काचे प्रतिनिधी, मिळाले.

बाबासाहेबांनी १९३६ सालच्या, न होऊ दिलेल्या भाषणात याच प्लेबियनांचा दाखला दिला आहे. बाबासाहेबांच्या म्हणण्यानुसार, त्यांनी कॉन्सल निवडला तरी त्याला देवीचा कौल लागे, आणि कौल सांगणारे पुजारी सगळे पॅट्रिशियन.