तलावांचे मालक गेले, बेशरम आले

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणण्याचा प्रघात जुना आहे. तथापि फाल्गुन सरून पाणी ओसरू लागले की या तलावांच्या काठाने जे हिरवे दिसते, ते बहुतेक ठिकाणी बेशरमचे रान असते. फिक्या जांभळट, कर्ण्यासारख्या फुलांचे हे झुडूप आता इतके अंगवळणी पडले आहे की ते येथले नव्हेच, असे सांगितल्यास पुष्कळांना नवल वाटेल. त्याचे मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. शोभेसाठी आणि कुंपणासाठी ते इकडे लावले गेले. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, हा त्याचा गुण मानला गेला. पुढे तोच उपद्रवाचे कारण ठरला. मध्य भारतातील पानझडी जंगलांत घाणेरीने जे केले, तेच तलावांच्या काठी बेशरमने केले आहे. मात्र घाणेरीकडे निदान वनखात्याचे लक्ष असते. तलावाच्या काठाकडे कोणाचे असते, हा प्रश्नच आहे.

तलावाचा काठ म्हणजे पडीक जागा, अशी नागर समजूत असते. वस्तुतः तलावाचे सारे जीवन त्या उथळ पट्ट्यावर अवलंबून असते. पावसाळ्यात बुडणारा आणि उन्हाळ्यात उघडा पडणारा हा पट्टा म्हणजे गवतांचे, देवधानाचे, कमळांचे आणि पाण्याखाली वाढणाऱ्या अनेक वनस्पतींचे घर. पहिल्या पुराबरोबर कितीतरी देशी मासे अंडी घालण्यासाठी उथळ पाण्याकडेच धावतात. पिलांना आसरा आणि खाद्य तेथेच मिळते. बदकांचे आणि आता अत्यंत विरळ झालेल्या सारसाचेही दाणापाणी तेथलेच. पाणी उतरल्यावर उगवणारे गवत गावच्या गुरांना होते ते निराळेच. बेशरमची दाट जाळी याच पट्ट्यावर पसरते. तिच्या सावलीत प्रकाशावर जगणारे काही तग धरीत नाही, आणि बुंध्यांशी अडलेला गाळ साचत जाऊन काठ तलावाच्या पोटात सरकू लागतो.

या झुडपाची चिवटता नावाला साजेशीच आहे. त्याच्या बिया पाण्याबरोबर दूरवर जातात. शिवाय खोडाचा लहानसा तुकडा ओल्या मातीत पडला तरी पेराशी मुळे फुटतात. पुरातही ते मरत नाही आणि कोरड्यातही नाही. त्याच्या पानांत विषारी अल्कलॉइडे असतात. टंचाईच्या दिवसांत नाइलाजाने ती खाणाऱ्या शेळ्यांना कंप सुटतो आणि त्या खंगत जातात. अर्थात सरपणासाठी त्याची वाळकी खोडे नेणारी कुटुंबेही आहेत. गरिबाने मिळेल त्याचा उपयोग केला, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु वनस्पतीच्या चिवटपणावर सारा दोष टाकून मोकळे होणे सोयीचे असले तरी खरे नाही. पूर्व विदर्भातील हे तलाव प्रामुख्याने गोंड राजवटीच्या काळात, आणि त्यांतील पुष्कळसे कोहळी समाजाच्या कसबाने बांधले गेले. पुढे ते मालगुजारांकडे होते. मालगुजारी व्यवस्था न्याय्य नव्हती. तिच्यासाठी गळा काढण्याचे कारण नाही. पण पाळीची डागडुजी, गाळ उपसणे आणि पाण्याची वाटणी ही कामे गावात कोणाच्या तरी अंगावर असत. तेव्हा हा जिल्हा मध्य प्रदेशात होता. तेथील १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारच्या मालकीचे झाले. लोकांच्या तोंडी ते आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आहेत. मालकी बदलली, पण काळजीची जबाबदारी त्याच कागदाने हस्तांतरित झाली नाही. पाणी शेतकऱ्यांचे, मासे ढिवरांच्या सहकारी संस्थेचे, काठावरचा चारा गावाचा आणि तलाव सरकारचा, अशी वाटणी झाल्यावर झुडूप उपटण्याची मजुरी कोणी मोजावी? लाभ सर्वांना वाटला जातो आणि खर्च मात्र जो पुढे येईल त्याच्या एकट्याच्या पदरी पडतो. असे काम कोणीच करीत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल.

तरीही ते झाले आहे. १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या, आता गोंदियात मोडणाऱ्या अर्जुनी-मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या संस्थांना बरोबर घेऊन काही तलावांतील बेशरम समूळ काढले. त्यांनी उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती आणून लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला मानवते, हे ज्ञान ढिवरांपाशी पिढीजात होतेच. त्याला कोणी विचारले नव्हते, इतकेच. यातील लावणीची पायरी विशेष महत्त्वाची. नुसते उपटून मोकळी सोडलेली जमीन पुन्हा त्याच झुडपाच्या हाती जाते.

सरकारी योजनांचा कल मात्र गाळाकडे असतो. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ निघतो, शेतात पडतो आणि घनमीटरांत मोजला जातो. झुडपाचे मोजमाप असे होत नाही. उलट यंत्राच्या दात्यांनी खोडांचे तुकडे होऊन ते गाळाबरोबर बांधाबांधावर पोहोचण्याचा धोका असतो. उपटणी पाणी आटल्यावर, मुळासकट, हातांनी व्हावी लागते. काढलेले झुडूप ओलीपासून दूर नेऊन पुरते वाळवावे लागते. आणि पुढची दोन-तीन वर्षे पुन्हा फुटलेले कोंब काढीत राहावे लागते. हे काम दिवसांच्या मजुरीचे आहे आणि ढिवर स्त्री-पुरुषांना उन्हाळ्यात मजुरीची गरजही असते. रोजगार हमीच्या कामांत या उपटणीला व लावणीला स्वतंत्र स्थान देणे अवघड नाही. जंगलातील पाणवठ्यांच्या बाबतीत २००६च्या वनहक्क कायद्याने मासे व अन्य उत्पन्नावरील सामूहिक हक्क मान्य केले आहेत. जंगलाबाहेरच्या तलावांवर मात्र ढिवरांच्या हाती असतो तो केवळ मुदतीचा ठेका. तीन उन्हाळे खपून साफ केलेला काठ चौथ्या वर्षी दुसऱ्याच ठेकेदाराला मासे देणार असेल, तर त्या कोंबांकडे वाकून पाहण्याचे कारण त्यांना उरत नाही.