बाबांचा रंधा

खंडेनवमीला आमच्याकडे आधी बाबांच्या हत्यारांची पूजा व्हायची. करवत, पटाशी आणि मधोमध लोखंडी रंधा. त्याला हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल वाहिल्याशिवाय कुणी जेवायला बसत नसे.

बाबा गेल्यावर वर्षभराने पेटी उघडली. दादाला काही नको होतं. आई म्हणाली, "भंगारवाल्याला देऊन टाकू." मी म्हटलं, "मी नेते." आई हसली, "तू काय करणार गं रंध्याचं?" मुलाला हत्यारं, मुलीला भांडी, हा आपला ठरलेला हिशेब!

घरी आणून शिवणयंत्राच्या तेलाने पुसायला बसले. पातं काढलं, तर खाली अक्षरं दिसली. बेली, नंबर पाच. मागे तीन तारखा, शेवटची १९ एप्रिल १९१०. मग शोधाचा नादच लागला.

अमेरिकेतल्या लिओनार्ड बेलीने १८६७ मध्ये या रंध्याची पेटंटं घेतली. त्याआधी लाकडी रंध्यात पाचर ठोकून पातं बसवायचे. आपले सुतार वर्षानुवर्षं तेच करत आले. बेलीच्या रंध्यात पितळी चाक फिरवलं की पातं केसभर खाली-वर होतं. १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्याची पेटंटं विकत घेतली. रंध्यावरच्या तारखा पेटंटच्या असतात, बनवल्याच्या नव्हेत. पण त्यांवरून काळ कळतो. बाबांचा रंधा १९१० ते १९१८ मधला निघाला! मूठही रोझवूडची, आपल्या शिसवीच्या कुळातली.

एक चूक मात्र अजून सलते. पेटीतल्या लहान रंध्याच्या पात्यावर बदामाचा शिक्का होता. गंज जावा म्हणून ते पातं मी एका दुकानात ग्राइंडरवर घासून घेतलं. चकचकीत झालं, पण शिक्का गेला. नंतर कळलं, कंपनीचे एक प्रमुख विल्यम हार्ट, त्यांच्या आठवणीसाठी तो बदाम. साधारण १९२० ते १९३५ मधल्या पात्यांवर तो असायचा. वय सांगणारी खूण मीच पुसली.

म्हणून सांगते मैत्रिणींनो, माहेरी-सासरी अशी पेटी असेल तर वजनावर देऊ नका. आधी पातं काढून आतली अक्षरं वाचा. पाती बदललेली असतात, तेव्हा नुसत्या पात्यावर विश्वास ठेवू नका. तळाला, पातं बाहेर येतं त्या फटीजवळ, तडा आहे का बघा. बीड ठिसूळ असतं, पडलं की तडकतं, आणि तडा गेला की किंमत उतरते. ग्राइंडर, रंग दोन्ही नको. तेल आणि मऊ फडकं पुरे.

यंदा पावसाळ्यात न्हाणीघराचं दार फुगलं. सुतार "येतो, येतो" म्हणत आठवडाभर आला नाही. शेवटी पात्याला धार लावून घेतली आणि मीच रंधा हातात घेतला. मुठीला बाबांच्या तळव्याने पडलेली झीज माझ्या हाताला लागली. पहिल्या दोन वेळा अडखळला. तिसऱ्यांदा लाकडाचा पातळ, कुरळा पापुद्रा सर्रकन निघाला.

आई तेव्हा माझ्याकडेच होती. काही बोलली नाही. खंडेनवमीला मात्र झेंडूचं फूल घेऊन तीच विचारायला आली, "रंधा कुठे ठेवलायस गं?"