शून्य खेळाडू म्हणजे रिकामा सर्व्हर?

रात्रीचे अकरा वाजले आहेत. ऑनलाइन गेम चालवणाऱ्या एका कंपनीतला अभियंता घरी निघण्यापूर्वी एआय एजंटला सांगतो, ‘रिकामे गेम सर्व्हर बंद करून टाक.’ एजंट सर्व्हरची यादी मागवतो. एका सर्व्हरपुढे खेळाडूंची संख्या शून्य दिसते, म्हणून तो सर्व्हर बंद करतो. प्रत्यक्षात तिथे दहा जणांचा सामना रंगात आलेला असतो. त्या सर्व्हरवर खेळाडू मोजण्याची सोयच सुरू केलेली नव्हती आणि मोजणी नसली की रकान्यात शून्य दिसायचे. सामना अर्ध्यात तुटतो.

प्रसंग काल्पनिक आहे, पण त्यातली चूक अगदी शक्य कोटीतली आहे. एजंटने सांगितलेले काम केले, यादीही खरी होती. कमी पडली ती यादी देणाऱ्या साधनाची माहिती. ‘शून्य’ म्हणजे काय, हे तिथे कुणी लिहिलेच नव्हते.

अनेक जण एकत्र खेळतात तेव्हा कोण कुठे उभा आहे, कुणाचे किती गुण झाले, हा सगळा हिशेब एका मध्यवर्ती संगणकावर ठेवला जातो. तोच गेम सर्व्हर. मोठ्या गेमसाठी असे असंख्य सर्व्हर लागतात. संध्याकाळी गर्दी वाढली की ते वाढवायचे, पहाटे ओसरली की कमी करायचे. रिकामा सर्व्हर चालू ठेवला तर भाडे वाया जाते आणि भरलेला बंद केला तर खेळणाऱ्यांचा विरस होतो.

हे काम आता एआय एजंटवर सोपवता येते. एजंट म्हणजे नुसती उत्तरे देणारा नव्हे, तर स्वतः पावले उचलणारा एआय. मात्र त्याला बाहेरच्या जगाला थेट हात लावता येत नाही. त्यासाठी त्याला छोटी साधने, म्हणजे ‘टूल’ दिली जातात. एक टूल सर्व्हरची यादी देते, दुसरे सर्व्हर सुरू करते, तिसरे बंद करते. अशी टूल एजंटला जोडण्याची एक सामाईक पद्धत अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. तिचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अर्थात एमसीपी. या पद्धतीत प्रत्येक टूलसोबत त्याचे नाव, साध्या भाषेतले वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा तपशील एजंटकडे जातो. कोणते टूल केव्हा वापरायचे, हे एजंट त्यावरूनच ठरवतो.

इथेच या लिखाणाचे स्वरूप बदलते. यंत्रासोबत येणारी माहितीपुस्तिका माणूस बहुधा उघडतही नाही. अडले तर शेजारच्याला विचारतो. नव्या घरात स्वयंपाकाला उभी राहिलेली व्यक्ती डब्यावर चिठ्ठी नसली तरी चिमूटभर चाखून मीठ की साखर ते ओळखते. एजंटला अशी चव घेता येतेच असे नाही. त्याच्यापुढे चिठ्ठीच असते आणि चिठ्ठी अपुरी असेल तर तो अंदाज बांधतो, तोही आत्मविश्वासाने.

म्हणून ‘गेम सर्व्हरची यादी देते’ एवढे एक वाक्य पुरत नाही. चांगल्या वर्णनात चार-पाच गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात. यादी या क्षणाची आहे की काही मिनिटांपूर्वीची? सगळी यादी एकदम येते की पहिले पान संपल्यावर पुढचे मागावे लागते? यादी कोरी आली तर सर्व्हरच नाहीत, की ते पाहण्याची परवानगी नाही? आणि प्रत्येक रकान्याचा नेमका अर्थ काय?

शेवटचा प्रश्न किती मोलाचा आहे, हे ‘अगोनेस’वरून कळते. गूगल आणि युबिसॉफ्ट या कंपन्यांनी २०१८ मध्ये जाहीर केलेली गेम सर्व्हर सांभाळण्याची ही खुली प्रणाली आहे. तिच्यात सर्व्हरच्या अवस्थांना वेगवेगळी नावे आहेत. ‘रेडी’ म्हणजे सामना सोपवता येईल असा, ‘अलोकेटेड’ म्हणजे सामन्यासाठी दिलेला. सर्व्हरची संख्या आपोआप कमी करताना ही प्रणाली ‘अलोकेटेड’ सर्व्हरला धक्का लावत नाही. रिकामा कोण, हे खेळाडूंच्या आकड्यापेक्षा अवस्थेवरून अधिक खात्रीने कळते. पण हे एजंटला ठाऊक व्हायचे तर वर्णनात लिहिलेले हवे.

या लिखाणाला दुसरी, अधिक धोक्याची बाजूही आहे. एजंट वर्णनावर विश्वास ठेवतो, म्हणूनच वर्णनातून त्याला फसवताही येते. निरुपद्रवी वाटणाऱ्या टूलच्या वर्णनात छुप्या सूचना दडवून एजंटकडून खासगी माहिती बाहेर काढता येते, हे इन्व्हेरियंट लॅब्ज या सुरक्षा क्षेत्रातल्या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये दाखवून दिले. एमसीपीत ‘हे टूल फक्त वाचते’ किंवा ‘हे काही नष्ट करू शकते’ अशी खूण टूलवर करता येते. पण अनोळखी ठिकाणाहून आलेल्या टूलवरच्या या खुणांवर भरवसा ठेवू नये, असे एमसीपीचे नियमच सांगतात. टूलचा वापर नाकारता येईल असा माणूस मध्ये असावा, ही शिफारसही त्यात आहे.

यादी देणारे टूल स्वतः काही बिघडवत नाही, त्यामुळे त्याचे वर्णन घाईत उरकले जाते. पण बंद करण्याचा निर्णय त्या यादीवरच उभा असतो. ‘मोजणी सुरू नसल्यास येथे शून्य दिसते, बंद करण्यापूर्वी अवस्था तपासा आणि माणसाची संमती घ्या,’ एवढी ओळ वर्णनात असती, तर त्या रात्री एजंटने सर्व्हर बंद करण्याआधी अभियंत्याला एकदा विचारण्याची शक्यता बरीच वाढली असती.