पट्टींतील रिकाम्या चौकटी

ह्या वार्षिकाचा मजकूर जमवीत असतां आमचा एक विद्यार्थी फार चिंतातुर होऊन आमच्याकडे आला. आजीच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी त्यानें घरच्या संगणकावर, ‘विम’ नांवाच्या टेक्स्ट एडिटरांत, उतरून घेतल्या होत्या. पडद्याच्या तळाशीं जी स्टेटस बार नांवाची पट्टी असते, ती शोभिवंत व्हावी म्हणून त्यानें ‘एअरलाइन’ ही जोड बसविली, आणि त्या क्षणापासून पट्टींत चिन्हांच्या जागीं रिकाम्या चौकटी दिसूं लागल्या. यंत्र बिघडलें, आंतील सर्व पुसून तें नव्यानें मांडावें लागेल, असें एका दुकानदारानें सांगितलें, व वडील त्यास तयारही झाले. आठवणींची दुसरी प्रत कोठेंच नव्हती. आणि आजींना आतां फारसें बोलवत नव्हतें.

आम्हीं प्रथम त्याजकडून दुसरी प्रत करवून घेतली, आणि मग चौकटींकडे वळलों.

पूर्वीं छापखान्यांत जुळारी ज्या अक्षराचा खण त्यांतूनच खिळा उचलीत असे. संगणकाचेंही कांहींसें तसेंच आहे. फाइलींत अक्षराचा आकार नसतोच. असतो तो त्याचा क्रमांक, म्हणजे जणूं खणाचा पत्ता. युनिकोडमध्यें ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, विममध्यें त्या अक्षरावर कर्सर ठेवून जी आणि ए ह्या कळा क्रमानें दाबाव्या, म्हणजे तो खालीं उमटतो. आकार पुरवितो तो फॉन्ट. क्रमांक ठीक पोंचला, परंतु त्या फॉन्टांत तेवढा खण रिकामा निघाला, तर पडद्यावर चौकट येते. म्हणून चौकट दिसली कीं मजकूर गेला, असें मुळींच समजूं नये. प्रश्नचिन्हें किंवा असंबद्ध अक्षरें दिसल्यास गोष्ट निराळी. तेथें बहुधा एन्कोडिंग चुकलेलें असतें, आणि विमला विचारल्यास त्यानें ‘यूटीएफ-८’ हें उत्तर द्यावयास हवें.

आतां ह्या पट्टींतील चिन्हांविषयीं. युनिकोडनें ६,४०० क्रमांकांचा एक पट्टा मुद्दाम मोकळा सोडला आहे. तेथें ज्यानें त्यानें आपल्या सोयीचा आकार बसवावा. युनिकोड त्यांस कधींच अर्थ देणार नाहीं. पॉवरलाइन नांवाच्या जोडीमुळें रूढ झालेलीं चिन्हें ह्याच पट्ट्यांतलीं आहेत. सोळाच्या मोजणीनें लिहिल्यास बाणासारखा त्रिकोण ई०बी०, आणि फाइल केवळ वाचण्यासाठींच उघडली आहे हें सांगणारें कुलूप ई०ए२. घरांत मुलास ठेवलेल्या लाडक्या नांवासारखाच हा प्रकार! घरांत तें सर्वांस ठाऊक. बाहेर त्या नांवानें हांक मारल्यास कोणी ओळखीत नाहीं. घरांतही नांवें बदलतात. ‘नर्ड फॉन्ट्स’ हा प्रसिद्ध संच २०२३ सालीं तिसऱ्या आवृत्तींत आला, तेव्हां त्यांतील कित्येक चित्रांचे जुने क्रमांक काढून त्यांस नवे दिले गेले. मग काल नीट असलेल्या पट्ट्यांत चौकटी आल्या.

आमच्या विद्यार्थ्यानें योग्य तो फॉन्ट संगणकावर आणूनही ठेविला होता! चूक एवढीच कीं, तो निवडला नव्हता. विम टर्मिनलच्या खिडकींत चालत असेल तर आकार टर्मिनल काढतें, विम नव्हे. म्हणून फॉन्ट टर्मिनलच्या सेटिंगांत निवडावा लागतो. विम स्वतःच्या खिडकींत उघडलें असल्यास मात्र तें विमलाच सांगावें लागतें. आणि दूरच्या संगणकावर काम चाललें असलें, तरी फॉन्ट हवा तो आपल्या पुढ्यांतील यंत्रावर. ह्या एका गोष्टींत जाणतीं माणसेंही फसतात. आम्हीही एक अख्खी संध्याकाळ फसलों होतों.

जुन्या मराठी फाइलींचा रोग ह्याच्या उलट आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. तो फॉन्ट नसला कीं चौकटी न येतां अर्थहीन रोमन अक्षरें दिसतात. तेथें क्रमांकच परके असल्यामुळें ते बदलून घेणें हाच टिकाऊ उपाय.

फॉन्ट निवडतांच घरच्या पट्टींत बाण उमटले. शाळेच्या प्रयोगशाळेंत विद्यार्थ्यांस नवा फॉन्ट घालतां येत नाहीं. तेथें एअरलाइनमधील पॉवरलाइन-फॉन्टांचें सेटिंग शून्य करून साध्या चिन्हांवर भागविलें. शोभा थोडी कमी झाली. काम अडलें नाहीं.

त्या आठवणी ह्याच अंकांत छापल्या आहेत. छापखान्याकडून आलेल्या मुद्रितांत त्यांच्या अखेरीस एक चौकट होती. लेखाच्या समाप्तीची खूण म्हणून त्या मुलानें हौसेनें तोच ई०बी० तेथें ठेविला होता! तो काढून आम्हीं साधी आडवी रेघ घातली.