आधी शिफ्ट, मग कॉर्सेट

युरोपातले जुने पोशाख शिवायची हौस लागली की बहुतेक जण थेट कॉर्सेटला हात घालतात. घाई आहे ती. अठराव्या शतकातल्या इंग्लंड-फ्रान्समध्ये कॉर्सेटचा पूर्वज, म्हणजे ‘स्टेज’, उघड्या अंगावर घालत नसत. त्याच्या आत असायचं शिफ्ट : लिननचा, गुडघ्याखाली येणारा सैल झगा. घाम तो टिपायचा आणि वारंवार धुतला जायचा तोही. वरच्या रेशमाला पाणी लावायची वेळ सहसा येत नसे. धुण्यात अदलाबदल होऊ नये म्हणून फुलीटाक्याने त्यावर आद्याक्षरं घालत, कधी क्रमांकही. हे वस्त्र चारचौघांत दाखवायचं नव्हे, हे इतकं पक्कं होतं, की १७८३ साली मारी आंत्वानेतचं साध्या मलमली झग्यातलं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं, तेव्हा ‘राणी अंतर्वस्त्रात बसली’ म्हणून ओरड झाली आणि ते उतरवावं लागलं.

शिवायला मात्र हे सोपं, कारण बेतात गोलाई जवळजवळ नाहीच. हातमागाचं कापड महाग, कातरण परवडत नसे. एकच लांब पट्टा खांद्यावर दुमडायचा, म्हणजे खांद्याला शिवण नाही. वरच्या बाजूचे तिरपे तुकडे कापून, उलटे करून खाली जोडायचे. वर अंगाबरोबर, खाली घेर. बाह्या सरळ चौकोनी. जुन्या पद्धतीचा कळीदार कुडता शिवणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल.

खरी परीक्षा चौबगल्याची. मुंढ्याला गोलाई नसल्याने काखेत साधारण चार इंचांचा चौकोन तिरपा बसवतात. त्याच्या दोन बाजू बाहीला, दोन अंगाला. तो आधी बाहीला लावा, मग बाही अंगाला. कोपऱ्यावरचे टाके सैल राहिले, तर हात वर करताना तिथेच उसवतं.

शिवण हातटिपेची. एक कड अरुंद कापून दुसरी तिच्यावर दुमडायची आणि हेम घालून सपाट बसवायची. वरून स्टेज आवळला, की जाड शिवण अंगात रुततेच. शिलाई मशीन घरोघरी आलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पण आतल्या लांब शिवणी तुम्ही मशीनवर मारल्यात तर माझी हरकत नाही.

लिनन आटतं, तेव्हा बेतण्याआधी गरम पाण्यातून काढा. गळा आधी लहानच कापा. आणि स्टेजची मापं घ्यायची ती शिफ्ट अंगात घालूनच.