जुन्या जीपच्या मागच्या चाकाचं बेअरिंग: कागदाएवढ्या फटीचा हिशेब

खुलताबादहून दौलताबादचा घाट उतरताना जुन्या जीपच्या मागच्या चाकातून घरघर ऐकू आली, तर आधी गाणी बंद करा आणि गाडी बाजूला घ्या. महिंद्राच्या सीजे-३बीसारख्या जीपमध्ये मागचा अ‍ॅक्सल शाफ्ट नुसता चाक फिरवत नाही, त्या चाकावरचं वजनही तोच पेलतो. याला सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सल म्हणतात. इथलं बेअरिंग पूर्ण फुटलं तर चाक शाफ्टसकट बाहेर सरकू शकतं.

हे बेअरिंग टेपर रोलर प्रकारचं. हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गोळ्यांऐवजी यात एका बाजूला निमुळते रोलर असतात, म्हणून ते वरचं वजन आणि वळणावरचा बाजूचा दाब, दोन्ही सोसतं. पण त्यात फट किती ठेवायची हे आपण ठरवायचं असतं. फार घट्ट बसवलं तर धातू तापून फुगतो, जागा उरत नाही आणि रोलर खराब होतात. फार सैल ठेवलं तर चाक आत-बाहेर हलतं, ऑइल सील जातं आणि ऑइल ब्रेक लाइनरवर उतरतं. मग घाटात ब्रेक लागणार कसा?

पुढच्या चाकाला ही फट नटाने सेट होते, म्हणून बरेच जण मागेही हबचा नट आवळत बसतात. काही उपयोग नाही. तो नट फक्त हबला शाफ्टच्या निमुळत्या टोकावर धरून ठेवतो, आणि तो किमान १५० फूट-पाउंड, म्हणजे साधारण २०० न्यूटन-मीटर आवळायचाच असतो. फट ठरते ती ब्रेकच्या बॅक प्लेटमागच्या पातळ पत्र्यांनी, म्हणजे शिमने. शिम वाढवली की फट वाढते, काढली की कमी होते.

मोजायचं कसं? पुढच्या चाकांना दगड लावा, मागून गाडी उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर कधीच नको). हब पुलरने काढा. दोन्ही शाफ्टच्या टोकांवर मऊ हातोडीने ठोके द्या, म्हणजे बेअरिंगची वाटी जागेवर बसते. डायल गेजचं चुंबकी स्टँड बॅक प्लेटवर लावा, टोक शाफ्टला टेकवा. शाफ्ट आत ढकलून गेज शून्य करा, मग बाहेर ओढा. समजा ०.३० मिमी आलं आणि मॅन्युअलमध्ये ०.१५ हवंय, तर ०.१५ ची शिम काढायची. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१० मिमी असतो, यावरून अंदाज घ्या. तुमच्या मॉडेलचा खरा आकडा मात्र मॅन्युअलमधूनच घ्या. दोन्ही शाफ्टची आतली टोकं डिफरन्शियलमधल्या एका ठोकळ्याला टेकतात, त्यामुळे एक ढकलला की दुसराही सरकतो. म्हणून शिम एकाच बाजूची काढायची की दोन्हीकडची सारखी, तेही मॅन्युअलच सांगतं.

इथे मोबाईल फार कामाचा. मी गेजसमोर फोन उभा करून व्हिडिओ लावतो. हात शाफ्टवर असताना काटा कुठवर गेला ते नंतर थांबवून वाचता येतं. काढलेल्या शिमचा, कोणत्या बाजूची ते लिहून, फोटो ठेवा. नुसत्या आवाजाच्या क्लिपवरून 'बेअरिंग ठीक आहे' म्हणणाऱ्यावर मात्र मी विश्वास ठेवणार नाही.

सगळं जोडल्यावर पंधरा-वीस किलोमीटर सपाट रस्त्यावर चालवा. घाटात नको, ब्रेकनेही ड्रम तापतो आणि कारण कळत नाही. थांबून हबजवळ हात न्या, आधी न टेकवता. कोमट असेल तर ठीक. एकच बाजू चटका देण्याइतकी तापली असेल, तर पुन्हा गेज लावा.